परक्यांची शेजारीण : मिस जेन अ‍ॅडम्स

पोटासाठी गाव सोडून शहरात जाणे ही गोष्ट आपल्याकडील मुलांस नवी नाही. कोकणातून व घाटावरून किती तरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत कामास गेली आणि चाळीतील एकेका खोलीत दाटीवाटीने राहिली. परंतु तेथे त्यांची भाषा समजणारे लोक होते. गावचा कोणी तरी ओळखीचा जवळपास असे. आता अशा माणसाची कल्पना करा की, तो समुद्र ओलांडून परमुलखात गेला आहे, दुकानदाराची भाषा त्यास समजत नाही, घरमालकापुढे तोंड उघडण्याची सोय नाही, तेथील कायदा ठाऊक नाही आणि दाद मागावी तर ती कोणाकडे हेही माहीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शिकागो शहरात अशी लक्षावधी माणसे राहत होती. त्यांच्या वस्तीत स्वखुशीने जाऊन राहिलेल्या, आणि पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांची शेजारीण म्हणून जगलेल्या एका बाईंचे हे चरित्र आहे.

जेन अ‍ॅडम्स यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील जॉन अ‍ॅडम्स हे गिरणीचे मालक, राज्याच्या कायदेमंडळाचे सभासद आणि अब्राहाम लिंकन यांचे स्नेही होते. जेन दोन वर्षांची असतानाच आई वारली. त्यामुळे वडील हेच तिचे सर्वस्व झाले. लहानपणी तिला पाठीच्या कण्याचा क्षय झाला. त्या दुखण्याने पाठीस बाक आला आणि मान किंचित एका बाजूस कलली. आपण कुरूप आहो, असे तिच्या मनाने घेतले. रविवारी उपासनेस जाताना परगावचे पाहुणे आलेले असले, म्हणजे ती वडिलांचा हात सोडून चुलत्याबरोबर चाले. कारण एवढ्या रुबाबदार गृहस्थाची ही मुलगी असे लोकांस कळले, तर वडिलांस कमीपणा येईल, अशी तिला भीती वाटे. पुढे एकदा शेजारच्या शहरात भर रस्त्यात वडिलांनी तिला पाहिले आणि आपली उंच हॅट काढून तिला मोठ्या अदबीने नमस्कार केला. त्या एका नमस्काराने मुलीच्या मनावरचे ओझे उतरले. आपल्या माणसाची लाज वाटणे म्हणजे काय, आणि ती लाज चारचौघांत दाखविलेल्या मानाने कशी नाहीशी होते, हे जेनबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

आणखी दोन गोष्टी त्यांच्या बालपणाच्या सांगण्यासारख्या आहेत. आठ वर्षांची असताना तिला एक सुंदर नवा झगा मिळाला. तो घालून ती शब्बाथशाळेस निघाली, तेव्हा वडिलांनी तिला जुनाच झगा घालण्याचा सल्ला दिला. जुन्यानेही ऊब तितकीच मिळेल, आणि इतर मुलींस वाईट वाटणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. दुसरी गोष्ट याच्याही आधीची. ती सात वर्षांचीही नव्हती, तेव्हा वडिलांबरोबर कामानिमित्त जवळच्या शहरी गेली असता तिने गरिबांची वस्ती प्रथमच पाहिली. इतकी ओंगळ घरे एकमेकांस इतकी चिकटून का बांधतात, असे तिने वडिलांस विचारले. उत्तर ऐकल्यावर तिने निश्चय सांगितला की, मोठी झाल्यावर मी मोठे घर बांधीन. पण ते मोठ्या घरांच्या रांगेत नव्हे, तर अशाच लहान घरांच्या मध्यभागी. लहान मुले पुष्कळ निश्चय करतात. हा मात्र खरा ठरला.

१८८१ साली रॉकफर्ड येथील स्त्रियांच्या विद्यालयात त्यांचा अभ्यासक्रम पुरा झाला. त्या विद्यालयातून परदेशी मिशनकार्यास बाया जात, आणि जेननेही जावे म्हणून शिक्षिकांनी पुष्कळ आग्रह केला. जी गोष्ट आपल्या अंतःकरणास पटलेली नाही, तिचा स्वीकार केवळ आग्रहाखातर करणे त्यांस प्रामाणिकपणाचे वाटले नाही, आणि त्यांनी नकार दिला. त्याच वर्षी वडील अकस्मात वारले. वैद्यकी शिकण्यासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या, परंतु पाठीच्या दुखण्याने ते शिक्षण सोडावे लागले. पुढील काही वर्षे त्यांनी युरोपात प्रवास केला, पुस्तके वाचली, चित्रे पाहिली; पण हाती पैसा, डोक्यात विद्या आणि करावयास काम नाही, अशा स्थितीत त्यांचे मन कुढत राहिले.

या प्रवासातच, १८८३ साली, लंडनच्या पूर्वभागात शनिवारी रात्री चाललेला एक लिलाव त्यांनी पाहिला. रविवारी टिकणार नाही अशी सडकी भाजी तेथे विकली जात होती आणि दिव्याच्या मंद उजेडात शेकडो रिकामे, कष्टाने वाकडे झालेले हात ती घेण्यासाठी वर झाले होते. त्या हातांची आठवण त्यांचा पिच्छा सोडीना. १८८८ साली त्या पुन्हा लंडनास गेल्या, तेव्हा तेथील टॉइन्बी हॉल ही संस्था त्यांनी पाहिली. विश्वविद्यालयात शिकलेले तरुण तेथे गरिबांच्या वस्तीत जाऊन राहत. केवळ दान पाठवून न थांबता प्रत्यक्ष शेजारी होऊन राहावे, ही तेथील कल्पना. जेनबाईंस आपला मार्ग दिसला.

मैत्रीण एलेन गेट्स स्टार यांजबरोबर त्या शिकागोस आल्या. हॉल्स्टेड रस्त्यावर चार्ल्स हल नावाच्या गृहस्थाने १८५६ साली बांधलेला एक जुना वाडा होता. गाव वाढत वाढत त्या वाड्याभोवती आले होते आणि आजूबाजूस इटालियन, जर्मन, बोहेमियन, आयरिश, तसेच रशिया व पोलंड येथून आलेले यहूदी यांची दाट वस्ती झाली होती. १८ सप्टेंबर १८८९ रोजी या दोघी त्या वाड्यात राहावयास गेल्या. हेच पुढे जगप्रसिद्ध झालेले हल हाउस. शिकागोची लोकसंख्या त्या वेळी दहा लक्षांच्या घरात होती, आणि त्यांतील बहुतेक लोक परदेशात जन्मलेले किंवा तशा आईबापांची मुले होती. हल हाउसभोवतालची घरे बहुतेक लाकडी. मुळात एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात अनेक बिऱ्हाडे भरलेली. पुष्कळ ठिकाणी पाण्याचा नळ काय तो मागील अंगणात एक. आग लागली तर बाहेर पडण्यास दुसरा जिना नाही. रस्त्याकडेच्या लाकडी पेट्यांतून कचरा ओसंडून वाहत असे, आणि त्याच पेट्यांवर मुले खेळत.

तेथे गेल्यावर जेनबाईंनी प्रथम बालवर्ग काढला. मग कामावर जाणाऱ्या आयांच्या तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर, मोठ्यांसाठी इंग्रजीचे रात्रीचे वर्ग, वाचनालय, चित्रशाळा, आणि कारखान्यांतील मुलींसाठी सहकारी वसतिगृह. परंतु त्या केवळ शिकविण्यास आल्या होत्या असे नव्हे. शेजाऱ्यांनीच त्यांस जास्त शिकविले. पहिल्याच नाताळात त्यांनी मुलींस मिठाई वाटली, तेव्हा काही मुलींनी ती घेण्याचे नाकारले. चौकशी केली तेव्हा कळले की, त्या मुली मिठाईच्या कारखान्यात सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत सहा आठवडे राबत होत्या आणि त्यांस मिठाईचे दर्शनही नको झाले होते. त्याच सुमारास हल हाउसमध्ये येणारी तीन मुले एका कारखान्यातील एकाच यंत्रावर जखमी झाली व त्यांपैकी एक मरण पावला. थोड्याशा डॉलरांत बसविता येणारे संरक्षक झाकण त्या यंत्रास नव्हते. भरपाई मागणार नाही अशा कागदावर आईबापांच्या सह्या अगोदरच घेतलेल्या होत्या.

केवळ कळवळा पुरेसा नाही, हे या प्रसंगांनी जेनबाईंस कळले. हल हाउसमध्ये राहावयास आलेल्या फ्लॉरेन्स केली यांनी घरोघर व कारखान्यांत हिंडून मजुरांची माहिती गोळा केली. १८९३ साली इलिनॉय राज्याने कायदा करून चौदा वर्षांखालील मुलांस कारखान्यात कामास लावण्याची बंदी केली आणि स्त्रियांच्या कामाचे तास आठ ठरविले. केलीबाईंस कारखान्यांच्या मुख्य तपासनीस नेमण्यात आले. दोनच वर्षांनी राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने आठ तासांचे कलम रद्द केले. एवढ्याने त्या खचल्या नाहीत. झालेल्या कामातून जे शिकावयाचे ते शिकून त्या पुन्हा कामास लागल्या.

जेनबाईंच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही, आणि त्या चुका त्यांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेविल्या आहेत. शास्त्रोक्त पौष्टिक अन्न स्वस्तात मिळावे म्हणून त्यांनी एक सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. पण शेजाऱ्यांस ते अन्न रुचले नाही. पौष्टिक असले तरी आम्हांस आपल्या आवडीचेच खावयाचे, असे एका बाईने त्यांस स्पष्ट ऐकविले. ही चूक हसण्यावारी नेता आली. दुसरी तशी नव्हती. १८९३ च्या हिवाळ्यात शिकागोत बेकारी माजली होती. एक कारकून मदत मागण्यास आला. धडधाकट माणसाने मिळेल ते काम नाकारले, तर त्यास मदत द्यावयाची नाही, असा त्या वेळचा नियम होता. कालव्याच्या खोदकामावर जावे, असे जेनबाईंनी त्यास सांगितले. आपण जन्मभर घरात बसून काम केले आहे, थंडीत उघड्यावरचे काम झेपणार नाही, असे तो म्हणाला. तरी त्यांनी नियम सोडला नाही. तो कामावर गेला, दोन दिवस राबला, त्यास फुप्फुसाचा दाह झाला आणि आठवड्याभरात तो मेला. त्याची दोन लहान मुले पुढे त्यांच्या डोळ्यांदेखत वाढली. माणसाची पूर्ण ओळख करून घेतल्यावाचून केवळ नियमाने परोपकार करता येत नाही, हा धडा त्या मुलांच्या तोंडाकडे पाहून त्यांस रोज नव्याने आठवे.

आता कचऱ्याची हकीकत सांगतो. त्या वॉर्डात मृत्यूंचे प्रमाण फार होते. कचरा उचलण्याचा मक्ता राजकारणी लोक आपल्या हस्तकांस देत आणि कचरा जेथल्या तेथे राही. हल हाउसमधील बायांनी शेजारणींस बरोबर घेऊन गल्लोगल्ली तपासणी केली व नियमभंगाच्या शेकडो तक्रारी आरोग्यखात्याकडे पाठविल्या. शेवटी जेनबाईंनी स्वतःच मक्त्यासाठी अर्ज केला. अर्ज काही तांत्रिक कारणाने नामंजूर झाला, पण गवगवा इतका झाला की, १८९५ साली मेयरने त्यांस त्या वॉर्डाच्या कचरा तपासनीस नेमले. मग ही सुशिक्षित, दुखऱ्या पाठीची बाई पहाटे सहास उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे हिंडू लागली. एका अरुंद गल्लीतील घाण खणून काढली, तेव्हा अठरा इंच खाली फरसबंदी लागली. तेथे फरसबंदी आहे हे रहिवाशांसही ठाऊक नव्हते! बाईमाणसाने असले काम करावे हे पाहून पुष्कळ शेजारणींस धक्का बसला. परंतु रोग्याची शुश्रूषा करणे शोभते, तर रोग उत्पन्न करणारी घाण दूर करणेही शोभते, हे त्यांनी त्यांस समजाविले. मृत्यूंच्या प्रमाणात तो वॉर्ड शहरात तिसरा होता, तो सातवा झाला. तथापि वॉर्डातील जुन्या सभासदास निवडणुकीत पाडण्याचे हल हाउसचे प्रयत्न मात्र फसले. त्याने अनेकांस नोकऱ्या लावून दिल्या होत्या आणि कोणी मेले तर तो धावून जाई. त्याच्या भ्रष्ट कारभाराशी झगडतानाही लोक त्याजवर लोभ का करतात, हे जेनबाईंनी निर्मळ मनाने समजून घेतले.

१९०२ साली त्या वस्तीत विषमज्वराची मोठी साथ आली. तेथे एक विधवा बाई पुष्कळ वर्षांपासून राहत होती. परके लोक आसपास राहावयास आले, ते तिला आवडले नाही. तिने आपले घर आरशासारखे लख्ख ठेविले, मुलींस दूरच्या कॉलेजात पाठविले आणि रस्त्यावर काय चालले आहे याच्याशी आपला काही संबंध नाही, असे मानिले. स्वच्छतेच्या चळवळीत ती कधी आली नाही. साथीच्या वेळी मुली सुट्टीत घरी आल्या होत्या. दोघीही आजारी पडल्या आणि त्यांपैकी एक दगावली. एका घराने आपल्यापुरते कितीही जपले, तरी भोवतालचा रस्ता घाण असता ते घर सुरक्षित राहत नाही, हे जेनबाई या दुःखद उदाहरणावरून सांगत. पालकांनी ही गोष्ट पुन्हा एकदा वाचावी, अशी माझी विनंती आहे.

घरांच्या प्रश्नाचा त्यांनी असाच पिच्छा पुरविला. हल हाउसजवळची काही अतिशय वाईट घरे विल्यम केंट नावाच्या एका तरुणास वारशाने मिळालेली होती. भर सभेत केलीबाईंनी त्या घरांची स्थिती वर्णन केली, तेव्हा तो आरंभी चिडला. पण स्वतः येऊन पाहिल्यावर त्याने ती घरे जेनबाईंच्या स्वाधीन केली. दुरुस्तीने ती सुधारणार नाहीत, असे दिसल्यावरून ती पाडण्यात आली आणि त्या जागी मुलांसाठी क्रीडांगण झाले. पुढे जेनबाई व त्यांचे सहकारी यांनी शहरातील दाट वस्तीच्या घरांची पाहणी करविली. तिचा अहवाल १९०१ साली प्रसिद्ध झाला व दुसऱ्याच वर्षी शहराने अशा घरांविषयी नवा नियम केला. १८९९ साली शिकागोत स्थापन झालेल्या बालन्यायालयामागेही हल हाउसच्या मंडळींचे श्रम होते.

या सर्वांहून मला आवडणारी गोष्ट निराळी आहे. परदेशातून आलेल्यांची मुले शाळेत जाऊन लवकर इंग्रजी शिकत आणि मग त्यांस आपल्या आईबापांची, त्यांच्या बोलीची व डोईवरच्या रुमालाची लाज वाटू लागे. एक इटालियन मुलगी हल हाउसमध्ये स्वयंपाकाच्या वर्गास येई. तिची आईही त्याच वेळी येई, पण मुलगी मुद्दाम दुसऱ्या दाराने आत शिरे. जेनबाईंनी १९०० साली एक श्रमसंग्रहालय काढले होते. निरनिराळ्या देशांतील म्हाताऱ्या बाया तेथे आपापल्या रीतीने सूत कातून व विणून दाखवीत. एके दिवशी त्या मुलीच्या आईभोवती मोठमोठ्या शिक्षकांचा घोळका जमलेला आणि तिच्या चातीवरच्या कसबाची वाहवा चाललेली मुलीने पाहिली. जेनबाईंनी तिला तिच्या आईच्या गावची हकीकत सांगितली. त्या दिवसानंतर ती मुलगी आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली. वडिलांनी भर रस्त्यात काढलेली हॅट जेनबाईंनी अशा रीतीने दुसऱ्यांच्या आयांपुढे काढली.

नव्याने आलेल्या लोकांस ठकविणारेही पुष्कळ होते. आगगाडीतून उतरलेल्या एकट्या मुली भलतीकडे नेल्या जात. नोकरी लावून देणारे अडते पैसे उकळून पसार होत. १९०८ साली परदेशी लोकांच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्यात जेनबाई अग्रभागी होत्या आणि ग्रेस अ‍ॅबट यांनी ते चालविले. मंडळाची माणसे स्टेशनावर जाऊन या मुलींस सुखरूप पत्त्यावर पोहोचवीत. त्याच वर्षी रशियातून आलेला एक यहूदी तरुण शिकागोच्या पोलिसप्रमुखाच्या घरी गोळीने मारला गेला. तो अराजक माजविणारा होता, अशी आवई उठून सगळी यहूदी वस्ती संशयात सापडली. शहर खवळलेले असता, चौकशी न्यायाने व्हावी असे उघड म्हणणाऱ्यांत जेनबाई होत्या. १९०९ साली काळ्या लोकांच्या हक्कांसाठी जी राष्ट्रीय संस्था निघाली, तिच्या स्थापनेतही त्यांनी भाग घेतला.

शेजारधर्माची ही कसोटी पहिल्या महायुद्धात सर्वांत कठीण झाली. हल हाउसच्या आसपास जर्मन होते, इटालियन होते, रशियन होते. त्यांनी एकमेकांस मारावे हे जेनबाईंस कसे रुचावे? १९१५ साली हॉलंडातील हेग येथे बारा देशांतील हजाराहून अधिक स्त्रियांची शांततापरिषद भरली, तिच्या त्या अध्यक्षा होत्या. अमेरिका युद्धात पडल्यावरही त्यांनी आपले मत बदलले नाही. कालपर्यंत त्यांची स्तुती करणारी वर्तमानपत्रे त्यांस देशद्रोही म्हणू लागली, आणि पुष्कळ मित्रही दूर झाले. हे एकाकीपण त्यांनी सोसले. युद्ध संपल्यावर शत्रुराष्ट्रांतील उपाशी मुलांस अन्न मिळावे म्हणून त्यांनी खटपट केली, तिनेही त्यांच्यावरचा राग वाढलाच. लोकमत निवळावयास पुष्कळ वर्षे लागली. १९३१ साली त्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री होत. २१ मे १९३५ रोजी शिकागो येथे त्यांचे देहावसान झाले. हजारो शेजाऱ्यांनी हल हाउसमध्ये येऊन त्यांचे अंत्यदर्शन घेतले, आणि सीडरव्हिल येथे त्यांस मूठमाती देण्यात आली.

१९२३ साली पृथ्वीप्रवासात त्या हिंदुस्थानातही आल्या होत्या. महात्मा गांधी त्या वर्षी पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात असल्यामुळे दोघांची भेट होऊ शकली नाही. परंतु शेजारी होऊन राहण्याची ही कल्पना आपल्या मराठी मुलखात दुसऱ्या वाटेने आली. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शर्ट १९२५ साली मुंबईस आले आणि त्यांनी नागपाड्याच्या दाट वस्तीत नेबरहुड हाउस उभारले. समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था १९३६ साली त्याच घरात सुरू झाली.

हल हाउसच्या तेरा इमारतींपैकी बहुतेक १९६० नंतर विश्वविद्यालयासाठी पाडल्या गेल्या, आणि त्यांच्या नावाने काम करणारी संस्थाही २०१२ साली बंद पडली. जुना वाडा मात्र संग्रहालय म्हणून उभा आहे. इमारती जातात, संस्थाही जातात. शेजार मात्र प्रत्येकाच्या दाराशी असतोच.

विद्यार्थिमित्रहो, माझा शेजारी कोण, हा प्रश्न प्रभूला एका शास्त्र्याने विचारला होता, आणि शोमरोन्याच्या दृष्टांताने प्रभूने त्याचे उत्तर दिले. तो दृष्टांत आपण शाळेत दरवर्षी ऐकतो. नव्या वर्षी तुमच्या वर्गात कोणी परप्रांतातले मूल येईल. त्याची बोली निराळी असेल, आणि डब्यातील अन्न तुमच्या ओळखीचे नसेल. ते मूल कोठे बसावे म्हणून दाराशी घुटमळेल. तुमच्या बाकावर त्याच्यासाठी थोडे सरकून जागा करा. जेनबाईंनी शिकागोत जे केले, त्याचा आरंभ तेवढाच होता.